मॉडेल प्रदर्शनात टेबलाचं भाडं कोणाकडून घ्यायचं?

जहाजं, विमानं, रेल्वे यांच्या छोट्या प्रतिकृती, म्हणजे मॉडेलं, मांडायला येणाऱ्या प्रदर्शकाकडून जागेचे पैसे घ्यायचे की नाही, हा प्रश्न समितीपुढे नेहमी चुकीच्या वेळी येतो. हॉलचं भाडं वाढल्याचं पत्र येतं, त्याच संध्याकाळी बैठक असते, आणि कोणीतरी म्हणतं, "चाळीस टेबलं आहेत, प्रत्येकी थोडे थोडे घेतले तरी भागेल." गुणाकार सोपा असल्यामुळे ठराव दोन मिनिटांत मंजूर होतो. पुढचे तीन महिने मग खजिनदाराने फोनवर लोकांना समजावत बसायचं.

आमच्या क्लबची खजिनदार मी आहे. शिवाय मी जहाजांची मॉडेलं करते, बहुतेक १:७०० मध्ये (खऱ्याच्या सातशेव्या भागाएवढी), आणि दुसऱ्यांच्या प्रदर्शनांत ती घेऊन बसते. टेबलाच्या दोन्ही बाजूंनी हा हिशेब पाहिल्यावर माझं मत पक्कं झालेलं आहे. दाखवायला येणाऱ्याकडून जागेचे पैसे घेऊ नयेत. विकायला येणाऱ्याकडून घ्यावेत, आणि नीट घ्यावेत. स्पर्धेत उतरणाऱ्याकडून नोंदणीपुरते घ्यावेत. आणि फुकट टेबल मिळणाऱ्या प्रत्येकाकडून अनामत ठेवून घ्यावी, जी तो शेवटपर्यंत थांबला की त्याच्या हातात परत जाईल. हे अमलात कसं आणायचं, तेवढंच खाली सांगते.

आधी माणसं वेगळी करा

अर्ज आले की पहिलं काम म्हणजे कोण कशासाठी येतंय ते वहीत वेगळं लिहिणं. बहुतेक भांडणं इथल्या आळसातून होतात. "स्टॉल" हा एकच शब्द सगळ्यांना लावला की एचओ मापाच्या छोट्या रेल्वेचा लेआउट, म्हणजे रुळांची आणि देखाव्याची चालती मांडणी, घेऊन येणारा गट आणि रंगांच्या बाटल्या विकणारा दुकानदार एकाच रकान्यात बसतात, आणि मग दोघांनाही एकच दर लावावासा वाटतो.

आपण बोलावलेले लेआउट आणि मोठी मॉडेलं हा एक गट. दुसऱ्या क्लबांची टेबलं हा दुसरा. त्यांना सभासद मिळवायचे असतात, पण प्रेक्षकाच्या दृष्टीने तीही बघण्याचीच वस्तू. एकटेदुकटे मॉडेलकार तिसरे, ज्यांना अर्धं टेबल पुरतं. स्पर्धक चौथे, ते मॉडेल ठेवून हिंडायला मोकळे असतात. विक्रेते पाचवे. या पाचांत डोकं खाजवावं लागत नाही.

डोकेदुखी सहाव्या गटाची असते, ज्यांना मी अर्धे विक्रेते म्हणते. टेबलावर सुंदर रणगाडे मांडलेले असतात आणि टेबलाखाली खोक्यात वीस जुनी किट्स (जोडून मॉडेल करायचे सुट्या भागांचे संच), "कोणाला हवी असली तर" म्हणून आणलेली. कोणी रेझिनचे सुटे भाग घरी ओततो आणि चार पुड्या मॉडेलांच्या शेजारी ठेवतो. कोणी पैसे घेऊन दुसऱ्यांची मॉडेलं करून देतो, आणि त्याच्या टेबलावर विकायला काही नसलं तरी कार्डांची थप्पी असते. हे लोक वाईट नसतात. पण शेजारच्याच रांगेत पूर्ण दर भरून बसलेल्या विक्रेत्याला ती खोकी दिसतात. तो पुढच्या वर्षी एक तर भांडतो, नाही तर स्वतःही "प्रदर्शक" म्हणून अर्ज करतो.

माझी कसोटी साधी आहे: टेबलावर किंवा टेबलाखाली एका जरी वस्तूला किंमत लावलेली असेल, तर तेवढ्या लांबीला विक्रेत्याचा दर. सहा फुटांपैकी दोन फुटांत विक्री असेल तर दोन फुटांचा. कार्ड ठेवणाऱ्याला मी सोडून देते. जो माणूस दिवसभर बसून लोकांना रंगकाम समजावतो त्याने चार कार्डं दिली तर आपलं काही जात नाही. समितीत यावर दोन मतं असू शकतात. मात्र जे ठरेल ते अर्जातच छापलेलं असावं, दारात उभं राहून ठरवायचं नाही.

खोक्यातल्या जुन्या किट्सवर एक जुना आणि उत्तम उपाय आहे. क्लबने स्वतः एक टेबल जुन्या सामानासाठी राखायचं. ज्याला विकायचं आहे त्याने वस्तू चिठ्ठी लावून तिथे द्यायची, विक्री क्लब करणार आणि दहावा हिस्सा कापून बाकीचे पैसे मालकाला देणार. सगळ्यांची सुटका होते. प्रदर्शकाला टेबलाखाली लपवाछपवी करावी लागत नाही, विक्रेत्याची तक्रार मिटते, क्लबला थोडं उत्पन्न होतं. फक्त त्या टेबलावर हिशेबाला पक्की दोन माणसं बसवा आणि प्रत्येक चिठ्ठीचा अर्धा भाग फाडून आपल्याकडे ठेवा. शिल्लक राहिलेली किट्स कोणाची, हे बंद व्हायच्या वेळी नुसतं आठवून सांगता येत नाही.

हिशेब तिकिटांत मांडा

मी प्रदर्शनाचा आराखडा पैशांत मांडत नाही, तिकिटांत मांडते. प्रत्येक खर्चाला मोठ्या माणसाच्या एका तिकिटाच्या किमतीने भागायचं. मग हॉल म्हणजे "इतकी माणसं" आणि विमा म्हणजे "इतकी माणसं" असं दिसायला लागतं, आणि समितीतल्या आकड्यांना घाबरणाऱ्यांनाही ते लगेच कळतं.

समजा हॉल २५० तिकिटांचा आहे. टेबलं, खुर्च्या आणि वीज ७०, विमा ३०, फलक आणि छपाई ३०, बक्षिसं आणि किरकोळ २०. एकूण ४०० तिकिटं. विक्रेत्यांची २० टेबलं, प्रत्येकी ५ तिकिटांचा दर, म्हणजे १००. जुन्या सामानाच्या टेबलावरून २०. उरले २८०, ते दारावर यायला हवेत. पण गेल्या खेपेचे आकडे सांगतात की २४० माणसं येतील. तूट ४० तिकिटांची. आणि योगायोगाने प्रदर्शकांची टेबलंही चाळीसच. टेबलामागे एक तिकीट घेतलं की तूट भरली! सुरुवातीला सांगितलेला ठराव नेमका इथे जन्माला येतो.

आता तेच ४० दुसरीकडून आणून बघा. विक्रेत्यांचा दर ५ वरून ७ केला की २० टेबलांवर ४० जमले. किंवा तिकिटाची किंमत एक षष्ठांशाने वाढवली की त्याच २४० माणसांकडून २८० जुन्या तिकिटांइतके पैसे आले. दोन्हींत धोका आहे: विक्रेता गळू शकतो, प्रेक्षक कुरकुरू शकतो. पण प्रदर्शकांकडून घेण्यातला धोका वेगळ्या जातीचा आहे. समजा दोन मोठे लेआउट रागावून आले नाहीत आणि त्यामुळे दारावरची सहातली एक व्यक्ती कमी झाली. २४० मधले ४० गेले, म्हणजे प्रदर्शकांकडून जमवलेलं सगळं परत गेलं. वर प्रेक्षक कमी झाल्यामुळे विक्रेत्यांचा धंदा कमी, आणि पुढच्या वर्षी त्यांना ५ चा दर देणंही जिवावर येईल. विक्रेता आपल्याला फोनवर एकच प्रश्न विचारतो: मागच्या वेळी किती माणसं आली होती? त्या आकड्यावर त्याचं भाडं ठरतं, आणि तो आकडा प्रदर्शकांच्या मांडणीवर.

हे आकडे मी उदाहरणासाठी धरलेत. तुमचे घालून बघा. तूट एकूण खर्चाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास असेल तर ती प्रदर्शकांना हात न लावता भरून निघू शकते. तूट तिसऱ्या हिश्श्याएवढी असेल तर प्रश्न भाड्याचा राहिलेला नाही. मोठा हॉल सोडा, दोन दिवसांचं एका दिवसावर आणा, किंवा यंदा भरवूच नका.

प्रदर्शकाने आधीच काय भरलंय

समितीतले जे लोक कधी लेआउट घेऊन कुठे गेलेले नाहीत, त्यांना हा भाग वाचून दाखवावा.

मध्यम आकाराचा रेल्वे लेआउट एकट्याने हलत नाही. त्याचे चार-पाच तुकडे असतात, पाय वेगळे, दिव्यांची चौकट वेगळी, गाड्यांच्या पेट्या वेगळ्या, वायरींची एक पेटी आणि हत्यारांची एक. त्याला गाडी भाड्याने लागते. चालवायला एका वेळी दोन माणसं, आणि ती दोन माणसं दिवसभर उभी राहू शकत नाहीत म्हणून बदली आणखी एक-दोन. प्रदर्शन दोन दिवसांचं असेल तर मुक्काम. आदल्या संध्याकाळी मांडणी, म्हणजे कामावरची अर्धी रजा. परतल्यावर मोडलेले सिग्नल, निखळलेली झाडं आणि रुळांच्या सांध्यांची डागडुजी.

ब्रिटनमधल्या मॉडेल रेल्वे प्रदर्शनांत या खर्चाचा विचार करूनच पद्धत पडली आहे. आयोजक लेआउट निवडून बोलावतो, आणि गाडीचं भाडं, इंधन, गरज पडल्यास मुक्काम असा खर्च आमंत्रितांना देतो. पैसे दारावरून आणि विक्रेत्यांकडून येतात. प्लॅस्टिक किट्सच्या जगात चाल थोडी निराळी आहे. अमेरिकेत आयपीएमएस या प्लॅस्टिक मॉडेलकारांच्या संघटनेच्या स्थानिक शाखा ज्या स्पर्धा भरवतात, तिथे स्पर्धकाने नोंदणीचे पैसे भरायचे, त्यात ठरावीक मॉडेलं, आणि त्यापुढच्या मॉडेलांना थोडे जास्तीचे, ही सर्रास चालणारी रीत आहे. विक्रेते टेबलाच्या हिशेबाने भाडं देतात. दोन छंदांच्या दोन रीती आहेत, पण दोन्हींत नुसतं दाखवायला आलेल्याच्या गळ्यात हॉलचं भाडं बांधलेलं नाही.

यावर बैठकीत हमखास येणारा दाखला म्हणजे नाटकाचा: नटाकडून कोणी रंगमंचाचं भाडं घेतं का? मला तो पूर्ण पटत नाही. नटाला रात्रीचे पैसे मिळतात, आणि प्रयोगाच्या मधेच तो रंगमंचावरून उतरून मित्राशी गप्पा मारायला जात नाही. प्रदर्शक स्वतःच्या हौसेनेही आलेला असतो. त्याला कौतुक हवं असतं, गाठीभेटी हव्या असतात, विक्रेत्यांकडून घासाघीस करून दोन किट्स घ्यायची असतात. म्हणून त्याच्याकडून काहीच मागायचं नाही, असं मी म्हणत नाही. वेळ मागा, शिस्त मागा, दोन तासांनी एकदा टेबलामागून पुढे येऊन मुलांशी बोलायला सांगा. पैशांपेक्षा हे मिळणं कठीण असतं.

फुटाच्या दराने काय होतं

कितीही समजावलं तरी एखादी समिती म्हणतेच, "बरं, निदान जागेच्या मापाने घेऊ. ज्याला जास्त जागा त्याला जास्त." ऐकायला न्याय्य वाटतं. कागदावर मांडून बघू.

नेहमीचं घडीचं टेबल सहा फूट बाय अडीच फूट, म्हणजे साधारण १८३ बाय ७६ सेंटीमीटर. १:७२ मध्ये स्पिटफायरच्या पंखांची रुंदी साडेपंधरा सेंटीमीटरच्या आसपास येते. एका ओळीत अकरा विमानं आरामात बसतात. त्याच स्केलमध्ये बी-२९ बॉम्बर जवळपास ६० सेंटीमीटरचा. तीन ठेवले की टेबल संपलं. माझ्या जहाजांचंही तसंच. टायटॅनिक १:७०० मध्ये ३८ सेंटीमीटर आणि १:३५० मध्ये ७७. स्केल दुप्पट केलं की जागा चौपट लागते. आता ज्याने वर्षभर खपून एकच मोठं जहाज केलं, त्याने लहान विमानांची रांग मांडणाऱ्याच्या कितीतरी पट भाडं भरायचं का? मापाचा दर लावला की लोक लहान मॉडेलं आणतात. प्रेक्षक मात्र दारातून आत आल्यावर आधी मोठ्याकडेच जातो.

रेल्वेवाल्यांचं तर विचारूच नका. एचओ म्हणजे १:८७. त्यात खऱ्या रेल्वेचा एक मैल साडेअठरा मीटर होतो, म्हणून जागा कितीही दिली तरी त्यांना अपुरीच. साध्या खेळण्याच्या संचातलं वळणसुद्धा अठरा इंच त्रिज्येचं असतं, म्हणजे गोल पूर्ण करायला तीन फूट रुंदीही कमी पडते. सहा बाय अडीचच्या टेबलावर एचओची गाडी गोल फिरूच शकत नाही. शिवाय लेआउटने व्यापलेली जागा म्हणजे त्याची फळी एवढीच नसते. सोळा फूट लांब आणि दोन फूट खोल असा लेआउट घ्या. फळीची जागा ३२ चौरस फूट. मागे चालवणाऱ्यांसाठी तीन फूट, पुढे मुलांचे हात लांब ठेवणाऱ्या दोरीसाठी दोन फूट. पुढून मागे एकूण सात फूट झाले, जागा ११२ चौरस फूट, फळीच्या साडेतीन पट. दर कशावर लावणार? फळीवर लावला तर हिशेब खोटा. पूर्ण जागेवर लावला तर तो गट पुन्हा येणार नाही.

जोडून मांडायच्या मॉड्यूलचा मुद्दा याहून नाजूक आहे. एन-ट्रॅकसारख्या पद्धतीत प्रत्येकजण स्वतःचा तुकडा आणतो, बहुधा दोन फूट बाय चार फूट, आणि ठरलेल्या मापामुळे अनोळखी माणसांचे तुकडे एकमेकांना जोडून लांब मार्ग तयार होतो. तुकड्यामागे पैसे लावले की कोणीतरी म्हणतो, मी यंदा कोपऱ्याचा तुकडा आणत नाही. कोपरा नसला की वर्तुळ तुटतं, आणि वर्तुळ तुटलं की उरलेल्यांच्या गाड्या फिरत नाहीत. अशा गटाला एकच टेबल समजा, एकाच माणसाशी बोला आणि पैशाचा विषय काढू नका.

जागेचा आराखडा मात्र फुटाफुटानेच करा. मी चौकटीच्या कागदावर करते, एक चौकोन एक फूट. आधी दारं, आपत्कालीन वाटा, विजेचे बोर्ड. मग मोठे लेआउट, मग विक्रेते, शेवटी टेबलं. गर्दीच्या वाटा किती रुंद ठेवायच्या ते हॉलच्या व्यवस्थापनाकडून लेखी घ्या, अंदाजाने ठरवू नका. विक्रेत्यांना भिंतीलगतच्या जागा आवडतात, कारण मागे मांडण्या उभ्या करता येतात. त्या जागांचा दर थोडा चढा ठेवला तरी तक्रार येत नाही. पण सगळे विक्रेते दाराशी बसवू नका. प्रेक्षकाचा खिसा दारातच रिकामा झाला तर तो आतल्या बाजूला रमत नाही.

अनामत

जागा फुकट दिली की दोन गोष्टी होतात. पहिली, येतो म्हणून सांगून न येणं. रिकामं टेबल हॉलमध्ये दात पडल्यासारखं दिसतं आणि प्रतीक्षायादीतल्या माणसाला सकाळी आठ वाजता फोन करून उपयोग नसतो. दुसरी, जास्त मागणं: तीन टेबलं लिहायची आणि आणलेलं सामान एकावर मावणारं. भाडं घेण्याच्या बाजूने बोलणाऱ्यांचं सगळ्यात वजनदार म्हणणं हेच आहे, आणि ते खरं आहे. पैसे भरले की माणूस येतो, आणि लागतं तेवढंच मागतो.

पण त्यासाठी पैसे ठेवून घ्यायची गरज नसते, काही दिवस अडकवून ठेवले तरी तोच परिणाम होतो. म्हणून टेबलामागे अनामत. किती? भरताना विचार करावा लागू नये आणि बुडाली तर चुटपुट लागावी, एवढी. तीन-चार तिकिटांच्या आसपास मला योग्य वाटते. दोन टेबलांना दुप्पट, तीन टेबलांना तिप्पट. मग "तीन लिहून ठेवा" म्हणणारे आपोआप एकावर येतात. शाळा-कॉलेजच्या मुलांना माफ.

परत कधी करायची, यात खरी गंमत आहे. सकाळी परत केली तर अर्धंच काम होतं. आमच्याकडे नावाची पाकिटं तयार असतात आणि प्रदर्शन बंद झाल्याची घोषणा झाल्यावर मी ती घेऊन टेबलाटेबलावर फिरते. त्यामुळे शेवटच्या तासाचा पसारा थांबतो. हे ज्याने पाहिलंय त्यालाच कळेल: एकाने खोका उघडला की शेजारी बघतो, त्याचाही उघडतो, आणि तिकीट काढून उशिरा आलेल्या कुटुंबाला अर्धी रिकामी टेबलं दिसतात. वर गर्दीतून खोकी नेताना दुसऱ्याचं मॉडेल कोपराने पडतं ते वेगळंच. पाकीट शेवटी मिळणार म्हटलं की लोक थांबतात. लांबून आलेल्या, शेवटची गाडी पकडायची असलेल्या माणसाने आधी कळवलं तर त्याला दाराजवळचं टेबल द्या आणि पाकीटही आधी द्या.

हिशेबाच्या वहीत अनामत उत्पन्नात धरू नका. ते देणं आहे. वेगळा रकाना, जमलं तर वेगळं खातं. प्रदर्शनाच्या आदल्या आठवड्यात खात्यात पैसे भरपूर दिसतात आणि समितीला अचानक मोठा फलक छापावासा वाटतो. तेव्हा हा रकाना दाखवायचा. आणि एक पथ्य. "अनामत देणगी म्हणून ठेवून घ्यावी" अशी ओळ अर्जात छापू नका. नाही म्हणताना माणूस अवघडतो. पाकीट आधी हातात द्या. ज्याला द्यायचं असेल तो उघडून देणगीच्या डब्यात टाकतो, आणि पुष्कळ जण टाकतात.

घेणं रास्त असेल तेव्हा

बाहेरचा प्रेक्षक नसेल तर हिशेब बदलतो. काही मेळावे फक्त आपापसांत भरतात: मॉड्यूल जोडायचे, वेळापत्रकाप्रमाणे गाड्या चालवायच्या, दारावर तिकीट नाही. तिथे प्रत्येकजण दाखवणाराही आणि बघणाराही. हॉलचा खर्च सगळ्यांनी वाटून घ्यावा, यात वावगं काहीच नाही. फक्त वाटणी माणशी करा, फुटावर करू नका. लांब मॉड्यूल आणणाऱ्यामुळे सगळ्यांनाच गाडी जास्त चालवता येते.

स्पर्धेची नोंदणी वेगळी ठेवा. परीक्षक, बक्षिसं, नोंदी करणारी माणसं यांना खर्च आहे आणि स्पर्धकाला त्याचा मोबदला मिळतो. पण स्पर्धेबाहेर नुसतं मांडायला आलेलं मॉडेल त्या दरात ओढू नका. "स्पर्धेसाठी नाही" अशी चिठ्ठी आणि एक वेगळं टेबल, एवढ्याने भागतं.

खास मागण्यांचे पैसे घ्या: वेगळी वीजजोडणी, अंधारा पडदा, ठरल्याहून जास्त मदतनिसांचे पास. लेआउटमागे किती पास फुकट ते आधीच लिहा. चार पुरतात, आठ मागणाऱ्याकडे चार पाहुणे असतात.

जागेपेक्षा अर्ज जास्त आले, म्हणून दर लावून गर्दी कमी करायची, हे मात्र करू नये. दराने फक्त ज्याला परवडतं तो राहतो. त्याऐवजी निवड करा: गेल्या वर्षी आपल्याकडे न दिसलेलं, वेगळ्या स्केलचं, हलणारं, आणि ज्याचा मालक लोकांशी बोलतो ते आधी.

पत्रात काय लिहायचं

तोंडी आमंत्रणातून सगळे गैरसमज निघतात. आमच्या पत्राचा मधला भाग साधारण असा असतो, लागला तर उचला:

"आपली मांडणी आमच्या प्रदर्शनात असावी अशी इच्छा आहे. जागेसाठी कोणतंही भाडं नाही. टेबलामागे अनामत घेतली जाईल आणि प्रदर्शन बंद होताच रोख परत दिली जाईल. नियोजित दिवसाच्या चार आठवडे आधी रद्द केल्यास पूर्ण परत. त्यानंतर रद्द केल्यास, जागा दुसऱ्या कोणी घेतली तरच परत. टेबलावर किंवा टेबलाखाली विक्री करायची असल्यास तेवढ्या लांबीला विक्रेत्यांचा दर लागेल. सुटी किट्स क्लबच्या टेबलावर देता येतील. कृपया मांडणीची लांबी व खोली, मागे उभं राहायला लागणारी जागा, आमची टेबलं लागतील की स्वतःचे पाय आहेत, एकूण किती वॅट वीज, मदतनिसांची संख्या आणि विम्यासाठी अंदाजे मूल्य कळवावं."

विम्याच्या ओळीकडे दुर्लक्ष करू नका. हॉलच्या विम्यात पाहुण्यांच्या मॉडेलांची मोडतोड धरलेली आहे असं गृहीत धरायचं नाही. कागद मागवून वाचायचा. क्लबच्या विम्यात काय येतं आणि काय येत नाही तेही पत्रात एका वाक्यात सांगा.

विक्रेत्यांचं पत्र वेगळं आणि कोरडं असू दे. दर, काय मिळेल, पैसे भरायची शेवटची तारीख, रद्द केल्यास काय, आणि गेल्या वेळच्या प्रेक्षकांचा खरा आकडा. तो फुगवून सांगू नका. विक्रेते एकमेकांशी बोलतात.

आधीपासून भाडं घेत असाल तर

एकदम बंद केलं तर समिती बिथरते. पहिल्या वर्षी तीच रक्कम अनामत म्हणून घ्या आणि परत करा. लोकांना भरायची सवय आहेच, त्यांना फक्त पाकीट जास्तीचं मिळेल. त्याच वर्षी विक्रेत्यांचा दर थोडा वाढवा आणि त्यांना कारण सांगा. प्रदर्शन संपल्यावर दोन आठवड्यांत जमाखर्चाचं एक पान सगळ्या प्रदर्शकांना पाठवा: दारावर किती, विक्रेत्यांकडून किती, हॉलला किती. हे पान वाचल्यावर पुढच्या वर्षीच्या तिकिटाबद्दल, फलकांबद्दल, अगदी हॉलच्या घासाघिशीबद्दलही सूचना प्रदर्शकच करायला लागतात.

काही शिल्लक उरली तर ती बक्षिसांच्या उंचीवर घालवू नका. सगळ्यात लांबून लेआउट आणणाऱ्या गटाच्या इंधनापासून सुरुवात करा. पुढच्या वर्षी जमलं तर दुसऱ्या गटाला. वाहतुकीचा खर्च सगळ्यांना देता येईल एवढं उत्पन्न आमच्याकडे अजून होत नाही. म्हणून कोणाला दिला आणि का, हेही मी त्याच पानावर लिहिते.